नियमावलीतील तीन ओळी

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याला इथे सगळे नुसते 'व्हीए' म्हणतात. या खात्याच्या रुग्णालयांतून कोणते उपचार मिळतील हे सांगणारी एक लांबलचक नियमावली आहे आणि तिच्या शेवटी, काय मिळणार नाही याची एक छोटी यादी आहे. त्या यादीत तीन नोंदी एकापाठोपाठ येतात. पहिली म्हणते की लिंगबदल मिळणार नाही. दुसरी म्हणते की जो माजी सैनिक दुसऱ्या एखाद्या सरकारी संस्थेत रुग्ण किंवा कैदी म्हणून आहे आणि ज्याच्यावर उपचार करणे हे त्या संस्थेचे कर्तव्य आहे, त्याला व्हीए उपचार देणार नाही. तिसरी म्हणते की स्पा आणि हेल्थ क्लबचे सभासदत्व मिळणार नाही.

या तीन ओळी मी पहिल्यांदा वाचल्या त्या माझ्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात. ती इराकमध्ये सेवा करून आलेली आहे, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री आहे, आणि सरकारी कागद जपून ठेवण्याची तिला सैन्यापासूनची सवय आहे. फाइल उघडून तिने बोट ठेवले ते पहिल्या ओळीवर, पण माझी नजर मधल्या ओळीवर अडकली. गेली सतरा वर्षे मी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत फार्मासिस्ट म्हणून काम करते आहे आणि त्यातली अडीच वर्षे मी एका तुरुंगाच्या औषधखोलीत काढली आहेत. मधल्या ओळीतला माणूस मी रोज पाहिला होता. २०१६ च्या सरकारी सर्वेक्षणानुसार अमेरिकेच्या राज्य आणि संघीय तुरुंगांत एक लाखाहून अधिक माजी सैनिक होते. देशासाठी लढलेला तो माणूस तुरुंगात गेला की व्हीए त्याच्यावरून हात काढून घेते, कारण आता त्याचे औषधपाणी तुरुंगाने करायचे असते. तुरुंगाला मात्र हात काढून घेता येत नाही. तुरुंगाच्या पलीकडे उपचार देणे लागणारी कोणतीही संस्था उरलेली नसते.

हा लेख मी लिहीत आहे त्याचे कारण एका संध्याकाळी ऐकलेले वाक्य आहे. २०२४ च्या दिवाळीत आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या फराळाला गेले असताना, निवडणूक चार दिवसांवर आलेली असल्यामुळे, बोलणे तिकडे वळले. त्या वर्षी डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचाराची एक जाहिरात फुटबॉलच्या प्रत्येक सामन्यात दिसत होती. कमला हॅरिस यांनी २०१९ साली एका प्रश्नावलीला उत्तर देताना कैद्यांच्या आणि ताब्यात घेतलेल्या स्थलांतरितांच्या लिंगबदल शस्त्रक्रियेला सरकारी खर्चाचा पाठिंबा दिला होता, त्यावर ती बेतलेली होती. चकलीची ताटली हातात असलेले एक सुशिक्षित, मनाने चांगले असलेले गृहस्थ म्हणाले, "आपण इथे टॅक्स भरून मरतो आणि खुन्यांची ऑपरेशने फुकट होतात." कोणी काही बोलले नाही. मीही बोलले नाही, आणि ते मला अजून लागून राहिले आहे, कारण त्या खोलीत त्या औषधाची बाटली प्रत्यक्ष हाताळलेली बहुधा मी एकटीच होते.

त्या गृहस्थांचा प्रश्न मी खोटा मानत नाही. करदात्याने हिशेब विचारावा. पण उत्तर देण्यासाठी अमेरिकेत कैद्याला औषध का मिळते इथपासून सुरुवात करावी लागते.

९ नोव्हेंबर १९७३ रोजी टेक्सासच्या तुरुंगात जे. डब्ल्यू. गॅम्बल नावाचा कैदी मालमोटारीतून कापसाच्या गासड्या उतरवत होता. एक गासडी त्याच्या अंगावर पडली. पाठ धरली, औषधे मिळाली, मग काम करण्याचा हुकूम झाला, त्याने नकार दिल्यावर शिक्षा झाली. त्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहून न्यायालयात पाठवला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७६ साली न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी निकालपत्रात लिहिले की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही घटनेच्या आठव्या दुरुस्तीने निषिद्ध ठरवलेली क्रूर आणि असाधारण शिक्षा होय. कारण सरळ आहे. कैदी उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकत नाही. तुरुंगाने उपचार केले नाहीत तर ते होतच नाहीत. विशेष म्हणजे गॅम्बलचे स्वतःचे गाऱ्हाणे तुरुंगाच्या डॉक्टरांविरुद्ध टिकले नाही, कारण तीन महिन्यांत त्याला सतरा वेळा तपासल्याची नोंद होती. माणूस हरला, पण त्याच्या अर्जातून निघालेले तत्त्व आज अमेरिकेतल्या प्रत्येक कैद्याच्या कामी येते.

याला पैशाचीही एक बाजू आहे, जी सहसा कोणी सांगत नाही. गरिबांसाठीची मेडिकेड ही योजना १९६५ साली सुरू झाली तेव्हापासूनच तुरुंगातल्या माणसाच्या रोजच्या उपचारांना तिचा पैसा चालत नाही. म्हणजे बाहेर असताना ज्याला सरकारी विमा होता त्याचाही तो विमा आत गेल्यावर निकामी होतो. त्यामुळे मधुमेहाचे इन्सुलिन असो, फेफऱ्याची गोळी असो की पारलिंगी स्त्रीचे इस्ट्रोजेन हे हार्मोन असो, सारे एकाच खिडकीतून येते.

त्या खिडकीबद्दल लिहिते. आत तिला पिल लाइन म्हणतात. सकाळी आणि संध्याकाळी शे-दीडशे माणसे भिंतीच्या कडेने उभी राहतात. प्रत्येकाने ओळखपत्र काचेला लावायचे, आतून कागदाच्या इवल्याशा पेल्यात गोळ्या सरकवल्या जातात, दुसऱ्या पेल्यात पाणी असते, गोळ्या गिळल्या की तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची, मग पुढचा. खिडकीवर परिचारिका असे. पेले भरण्याची आणि ताळा जुळवण्याची जबाबदारी माझी. पारलिंगी स्त्री कैद्यांचे पेले मी न बघता ओळखू शके, कारण स्पायरोनोलॅक्टोनच्या गोळीला पेपरमिंटचा वास असतो. ही गोळी मुळात रक्तदाबाची आणि हृदयविकाराची, अनेक दशके वापरात असलेली; इथे ती पुरुषी हार्मोनला आवर घालण्यासाठी. तिच्या बाजूला इस्ट्राडायॉलची छोटीशी गोळी, जी रजोनिवृत्तीच्या काळात लाखो स्त्रिया घेतात. ज्यावरून एवढे रान उठले त्या उपचाराचे रोजचे रूप एवढेच होते. शस्त्रक्रिया ही त्यातली विरळातली विरळ गोष्ट. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०१७ मध्ये शायलो क्वाइन या कैद्याची शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने केली, तेव्हा अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यात असे पहिल्यांदाच घडत होते.

माझ्या काळातला एक प्रसंग सांगते. दुसऱ्या तुरुंगातून बदली होऊन आलेल्या एका कैदी स्त्रीचे हार्मोनचे प्रिस्क्रिप्शन कागदपत्रांबरोबर आलेच नाही. मी विचारणा केली, पुन्हा केली. उत्तर आले की नवीन डॉक्टरची भेट झाल्याशिवाय काही देता येणार नाही आणि भेटीची यादी लांब आहे. सहा आठवडे गेले. तिच्या बाबतीत शरीराने स्वतःचे हार्मोन तयार करण्याचा मार्ग आधीच्या शस्त्रक्रियेने बंद झालेला होता, म्हणजे औषध थांबणे हे तिच्यासाठी नुसते मनाला लागणारे नव्हते. अंगातून वाफा, झोप उडालेली, आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा धोका. ती रोज दुसऱ्या गोळीसाठी रांगेत येई आणि पेल्यात वाकून बघे. एक दिवस तिने विचारले, "आज पण नाही?" मी काचेच्या आत होते आणि माझ्या मागच्या फडताळात ते औषध होते. प्रिस्क्रिप्शनशिवाय ते देणे हा गुन्हा होता आणि न देणे हा कोणाच्याच नावावर नोंदला जाणार नाही असा अपराध होता. सातव्या आठवड्यात औषध सुरू झाले. कोणीही दुष्टपणा केला नव्हता. गॅम्बलच्या निकालात दुर्लक्ष हा शब्द का वापरला असेल ते मला तिथे समजले.

पारलिंगी कैद्यांच्या बाबतीत बरीच वर्षे अनेक तुरुंगांचा नियमच असा होता की आत येताना जे औषध चालू असेल तेवढेच चालू ठेवायचे, नवीन काही द्यायचे नाही. ज्याचे निदान आत आल्यावर झाले त्याने शिक्षा संपेपर्यंत थांबायचे. संघीय तुरुंगांनी हा नियम २०११ साली सोडला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्याचा कायदा न्यायालयात पडला. त्या राज्याच्या विधिमंडळाने कैद्यांच्या हार्मोन उपचारांवर आणि शस्त्रक्रियेवर सरकारी पैसा खर्च करण्यास सरसकट बंदी घातली होती. संघीय अपील न्यायालयाने म्हटले ते असे, की कर्करोग झालेल्या कैद्यांना फक्त समुपदेशन आणि वेदनाशामक द्यावे असा कायदा विधिमंडळाने केला असता तर तो घटनाबाह्य ठरवायला आम्हाला काहीच अडचण आली नसती.

त्या निकालपत्रातले आकडे मी माझ्या धंद्याच्या सवयीने दोनदा वाचले. हार्मोनचा खर्च एका कैद्यामागे वर्षाला ३०० ते १,००० डॉलर. त्याच तुरुंगांत मानसिक आजारावर सर्रास दिल्या जाणाऱ्या क्वेटियापिन या औषधाचा खर्च एका कैद्यामागे वर्षाला २,५०० डॉलरहून अधिक. २००४ साली त्या राज्याच्या तुरुंग खात्याने दोन कैद्यांच्या हार्मोनवर मिळून २,३०० डॉलर खर्च केले होते. एवढ्या रकमेसाठी कायदा झाला, खटला झाला, अपील झाले. वकिलांच्या शुल्काचा आकडा निकालपत्रात नाही, पण औषधाच्या खर्चाशी त्याची तुलना कुठल्या कुठे जाईल हे कोणीही सांगू शकेल.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत न्यायालयांचे एकमत नाही, आणि माझेही मन सरळ एका बाजूला नव्हते हे मी लपवत नाही. मॅसॅच्युसेट्समधील मिशेल कोसिलेक हिने १९९० साली पत्नी शेरिल हिचा खून केला आणि ती जन्मठेप भोगत होती. २०१२ साली न्यायाधीश मार्क वुल्फ यांनी तिची शस्त्रक्रिया करण्याचा आदेश दिला. २०१४ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो फिरवला. तो खटला वाचताना मला शेरिलच सारखी आठवत राहिली. उलट आयडाहोमधील एड्री एडमो हिच्या प्रकरणात नोंदींमध्ये असे दिसते की उपचाराअभावी तिने दोन वेळा स्वतःच्या देहाला गंभीर इजा करून घेतली होती. २०१९ साली एका वेगळ्या अपील न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला आणि २०२० च्या जुलैमध्ये तिची शस्त्रक्रिया झाली. त्याच २०१९ साली टेक्सासच्या एका कैद्याच्या खटल्यात आणखी एका अपील न्यायालयाने असा कोणताही हक्क नाकारला. म्हणजे आज तुम्ही कोणत्या राज्यात गुन्हा केला यावर उत्तर अवलंबून आहे.

कोसिलेकचा खटला बाजूला ठेवल्यावर मला जे पटले ते असे. शिक्षा किती वर्षांची हे न्यायाधीश ठरवतो आणि ती ठरवताना खून हा खूनच मोजला जातो. त्यानंतर तुरुंगाच्या डॉक्टरने आजार बघायचा असतो. खुन्याची हृदयशस्त्रक्रिया सरकारी खर्चाने होते, मूत्रपिंडाचे रोपणही झालेले आहे, आणि त्यावर फराळाच्या ताटाभोवती कोणी बोलत नाही. डॉक्टर म्हणाला शस्त्रक्रिया लागत नाही, तर लागत नाही. म्हणाला लागते, तर तो निर्णय विधिमंडळाने किंवा जाहिरातीने फिरवू नये. पारलिंगी कैद्याला कोणत्या तुरुंगात ठेवायचे, स्त्रियांच्या की पुरुषांच्या, हा स्वतंत्र आणि खरोखर अवघड प्रश्न आहे, त्यात इतर कैदी स्त्रियांची सुरक्षितताही आहे, आणि तो एकेका व्यक्तीचा इतिहास बघूनच सोडवावा लागेल. पण त्या प्रश्नाच्या आडून औषधाची गोळी काढून घेणे मला मान्य नाही. आपण चर्चेत दोन्ही गोष्टी एकत्र कालवतो आणि मग एकीचाही विचार धड होत नाही.

२० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली आणि त्याच दिवशीच्या एका आदेशात संघीय तुरुंगांतील अशा उपचारांवर सरकारी पैसा खर्च करू नये असे म्हटले. गंमत म्हणून नव्हे, पण नोंद म्हणून सांगायला हवे की त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत संघीय तुरुंग कैद्यांना हार्मोन देतच होते. ३ जून २०२५ रोजी वॉशिंग्टनचे न्यायाधीश रॉयस लॅम्बर्थ यांनी या आदेशाची अंमलबजावणी थांबवली आणि संघीय तुरुंगांनी हार्मोन चालू ठेवावेत असे सांगितले. त्यावेळी अशी औषधे घेणारे कैदी सहाशेहून अधिक होते. लॅम्बर्थ यांची नेमणूक १९८७ साली रोनाल्ड रेगन यांनी केली होती, तेव्हा त्यांना कोणी डावे म्हणणार नाही. त्यांचा आदेश हंगामी होता आणि अशा आदेशाची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावी लागते. तरीही त्या सहाशे जणांना न्यायालयाचा दरवाजा ठोठावण्यासाठी पायाखाली जमीन होती.

माझ्या शेजारणीला ती जमीन नाही.

माजी सैनिकांच्या उपचारांमागे घटनेची आठवी दुरुस्ती नाही, कारण त्यांना कोणी डांबून ठेवलेले नाही. त्यांच्यामागे आहे तो संसदेचा कायदा, खात्याचे नियम आणि लिंकन यांनी १८६५ साली दिलेला शब्द, की ज्याने लढाईचा भार वाहिला त्याची, त्याच्या विधवेची आणि त्याच्या अनाथ मुलांची आम्ही काळजी घेऊ. नियम १९९९ चा आहे, सुरुवातीला सांगितलेल्या तीन ओळी त्यातल्याच. २०११ साली व्हीएने एक निर्देश काढून त्या ओळीचा अर्थ स्पष्ट केला: शस्त्रक्रिया नाही, पण हार्मोन, समुपदेशन, तपासण्या आणि बाहेर केलेल्या शस्त्रक्रियेनंतरची देखभाल हे सारे मिळेल. माझ्या शेजारणीला त्या निर्देशाखाली औषध सुरू झाले. पांढऱ्या पाकिटातून नव्वद दिवसांच्या गोळ्या टपालाने तिच्या दारात येत. २०२१ च्या जूनमध्ये तत्कालीन मंत्री डेनिस मॅकडोनो यांनी फ्लोरिडातील ऑरलँडो येथे जाहीर केले की शस्त्रक्रियेवरची बंदी उठवण्याची प्रक्रिया आम्ही सुरू करत आहोत. ते ऐकून ती रडली होती असे तिने मला सांगितले. साडेतीन वर्षे उलटली, सरकार बदलले, नियम बदलला नाही. या दिरंगाईबद्दल मी बायडेन यांच्या प्रशासनाला माफ करू शकत नाही. व्यासपीठावरून दिलेला शब्द राजपत्रात उतरलाच नाही, आणि जो उतरला नव्हता तो मोडण्याची गरजही पुढच्यांना पडली नाही.

मार्च २०२५ मध्ये व्हीएने निर्देशच रद्द केला आणि जाहीर केले की जेंडर डिस्फोरियाचे, म्हणजे शरीराचे लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नसल्याने होणाऱ्या त्रासाचे, उपचार आता टप्प्याटप्प्याने बंद होतील. मंत्री डग कॉलिन्स यांचे म्हणणे असे होते की ज्यांना लिंग बदलायचे असेल त्यांनी ते पदरमोड करून बदलावे. ज्यांना आधीपासून व्हीएकडून हार्मोन मिळत होते, किंवा जे सैन्यातून बाहेर पडताना ते घेत होते, त्यांचे चालू राहील अशी सवलत ठेवली. आवाजाचे प्रशिक्षण, बाहेरच्या शल्यचिकित्सकासाठी लागणारी शिफारसपत्रे, काही कृत्रिम साधने, हे बंद. वाचणारा पैसा अपंगत्व आलेल्या, हातपाय गमावलेल्या सैनिकांकडे वळवू असेही सांगितले गेले.

हे शेवटचे वाक्य मला फार खटकले, कारण त्याच पत्रकात खात्याने असेही म्हटले होते की नोंदणी असलेल्या ९१ लाख माजी सैनिकांत पारलिंगी माणसांचे प्रमाण शेकडा एक दशांशाहूनही कमी आहे. शेकडा एक दशांश माणसांच्या गोळ्यांतून व्हीलचेअरवरच्या सैनिकांसाठी असे कितीसे उरणार? सेवेत असलेल्या सैनिकांचा हिशेब रँड या संशोधन संस्थेने २०१६ साली मांडला होता: सेवेतील पारलिंगी सैनिक १,३२० ते ६,६३०, त्यांच्या उपचारांचा वार्षिक खर्च २४ लाख ते ८४ लाख डॉलर, म्हणजे सेवेतील सैनिकांच्या एकूण आरोग्यखर्चात शेकडा ०.०४ ते ०.१३ ची वाढ. पैसा हे कारण असेल तर ते फार छोटे कारण आहे. आणि एका जखमी सैनिकाला दुसऱ्या सैनिकाच्या समोर असे उभे करणे मला सैनिकी परंपरेला धरून वाटत नाही. माझ्या शेजारणीच्या गटातला एकजण पाय गमावून आला होता. दोघे अजून एकमेकांना रविवारी फोन करतात.

कैदी आणि सैनिक यांच्यातली ही उलटी पायरी एका व्यक्तीच्या बाबतीत फारच उघड दिसली. अमेरिकी सैन्यातल्या चेल्सी मॅनिंग हिला गोपनीय कागदपत्रे फोडल्याबद्दल २१ ऑगस्ट २०१३ रोजी ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी तिने आपण स्त्री असल्याचे जाहीर केले. लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगाने आधी नकार दिला, तिने खटला भरला, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत तिला हार्मोन सुरू झाले. त्या महिन्यात छावणीतल्या एखाद्या निष्कलंक सैनिकाने आपल्या अधिकाऱ्याला तेच सांगितले असते तर नियमाने त्याची सेवा संपू शकली असती. सेवेवरची ती बंदी संरक्षणमंत्री अॅश कार्टर यांनी उठवली ३० जून २०१६ रोजी. म्हणजे जवळजवळ सोळा महिने असे होते की अमेरिकी सैन्यात हा उपचार उघडपणे मिळवण्याची जागा तुरुंग होती. नंतर बंदी पुन्हा आली, गेली, आणि ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा लागू करण्यास मोकळीक दिली. त्यामुळे आता सेवेतून काढलेले पारलिंगी सैनिक व्हीएच्या दारात येत राहणार.

या विसंगतीवरून काही लोक असा निष्कर्ष काढतात की मग कैद्याचे काढून घ्या. मला तो निष्कर्ष उलट्या टोकाचा वाटतो. कैद्याला मिळते ती चैन नव्हे. एखाद्या देहाचा ताबा घेतल्यावर राज्याला ज्याच्या खाली उतरता येत नाही अशी ती शेवटची पायरी आहे. सैनिकाच्या देहाचाही ताबा राज्य घेतेच. केस किती कापायचे इथपासून गोळीच्या तोंडी केव्हा जायचे इथपर्यंत सारे राज्य ठरवते, आणि सैनिक हा ताबा स्वतःच्या सहीने देतो. सही करणाऱ्याला डांबलेल्यापेक्षा कमी का मिळावे, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

माझे काका साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस योजना २००३ साली सुरू झाली तेव्हापासून त्यांचे कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशात असते. पॉलिक्लिनिकमध्ये कधी औषध नसते, कधी डॉक्टर नसतो, तेव्हा ते चिडतात, पण "आमचे आहे ते" असे म्हणून पुन्हा जातात. मी त्यांना शेजारणीची गोष्ट सांगितली. लिंगबदल म्हणजे काय हे त्यांना समजावताना मला थोडी कसरत करावी लागली. ऐकून घेऊन त्यांनी एवढेच विचारले, "नोकरी पूर्ण केली का तिने?" मी म्हटले, हो, सन्मानाने सुटली. "मग द्यायला पाहिजे," अण्णा म्हणाले आणि विषय पावसाकडे नेला.

भारतात काय, असे वाचक विचारतील म्हणून थोडक्यात. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या आपल्या २०१९ च्या कायद्याच्या पंधराव्या कलमात लिंगबदल शस्त्रक्रिया आणि हार्मोन उपचार यांची सोय करण्याची, तसेच विमा योजनेची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. २०२२ साली आयुष्मान भारतखाली पारलिंगी व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाखांच्या संरक्षणाची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी जानेवारीत गृह मंत्रालयाने पारलिंगी कैद्यांच्या वागणुकीबद्दल राज्यांना सूचना पाठवल्या. कागदावर आपण काही बाबतींत अमेरिकेच्या पुढे आहोत. कागदाचे काय होते हे व्हीएच्या गोष्टीत दिसतेच.

माझ्या शेजारणीची पाकिटे अजून येतात, कारण ती सवलतीत बसते. तिची एक मैत्रीण मात्र बसत नाही. दोघी एकाच वर्षी भरती झालेल्या. मैत्रिणीने घर, मुले, धाकट्या भावाचे आजारपण यांत अनेक वर्षे स्वतःबद्दल कोणालाच काही सांगितले नाही आणि तिने व्हीएच्या डॉक्टरची वेळ घेतली ती २०२५ च्या एप्रिलची, म्हणजे जेमतेम महिनाभर उशिरा. आता ती बाहेरच्या डॉक्टरकडे जाते. गोळ्या स्वस्त आहेत, महाग असतात त्या डॉक्टरच्या भेटी आणि दर काही महिन्यांनी करायच्या रक्ततपासण्या.

गेल्या महिन्यात ती आमच्या दुकानात आली. मी नव्वद दिवसांच्या गोळ्या मोजून नारिंगी बाटलीत भरल्या, झाकण लावले, नेहमीची सूचना सांगितली की पोटॅशियमची तपासणी चुकवू नका. तिने पैसे भरले आणि पावतीची छापील प्रत मागितली. ती प्रत तिने घडी घालून एका प्लास्टिकच्या लिफाफ्यात ठेवली, ज्यात आधीच्या पावत्या तारखेने लावलेल्या होत्या. मी विचारले, कशासाठी? ती म्हणाली, दर तिमाहीला एक अर्ज जोडून हे सगळे व्हीएला पाठवते. पैसे परत मिळतात का, असे मी विचारले. नाही मिळत, ती म्हणाली, दोनदा नकार आला आहे. पण नकाराला क्रमांक असतो आणि तो फाइलमध्ये राहतो.